शेंगा, ज्वारी, डाळिंब : मुलांच्या हाताला सोलापुरी काम

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमचा मिक्सर बंद पडला आणि त्याच आठवड्यात शेंगाची चटणी संपली. दुरुस्तीवाला 'परवा या' म्हणत पंधरा दिवस झुलवत होता. सोलापूरच्या घरात शेंगाची चटणी नसणं म्हणजे मीठ नसण्यासारखंच. शेवटी सासूबाईंनी माळ्यावरचा लोखंडी खलबत्ता खाली काढायला लावला. जो धाकटा एका जागी पाच मिनिटं टिकत नाही, तो बत्ता धरून पाऊण तास बसला. जेवताना चटणी त्यानंच वाढली, आणि आजोबांनी दुसऱ्यांदा मागितली तेव्हा 'जपून, तिखट आहे' असं वर बजावलं.

त्याआधी मी दुकानातून हस्तकलेचे दोन संच आणले होते. चकचकीत कागद, चिकटवायचे डोळे, छापील सूचना. दोन्ही कपाटात अर्धवट पडले. लुटूपुटूचं काम मुलांना लगेच ओळखू येतं. जे ताटात येणार आहे किंवा घरात कुणाच्या तरी उपयोगी पडणार आहे, त्याला ती चिकटून बसतात, हे मला त्या खलबत्त्यामुळं कळलं.

मुलांना घेऊन ज्यांनी आजवर असं काही केलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सामान आपल्या भागातलंच: शेंगा, ज्वारी, डाळिंब आणि सूत. यातलं एक-दोन तरी तुमच्या घरात आत्ता असेलच.

हात घालण्याआधी

वेळ सकाळची धरा, आठ ते दहा. उन्हाळ्यात आपल्याकडं अकरानंतर स्वयंपाकघरात मोठ्यांनाही उभं राहवत नाही, पारा चाळिशीकडं झुकलेला असतो. दुपार बैठ्या कामाला ठेवा, म्हणजे सोलणं, विणणं, चिकटवणं. दुसरं म्हणजे पाण्याचा दिवस बघा. नळाला पाणी येणार त्या दिवशी पिंपं-बादल्या भरायची धांदल असते, तेव्हा हा घाट घालू नका. पिंपाचा तळ दिसायला लागलेल्या दिवशीही नको. मुलं हात धुतात त्यात एक बादली जाते.

चार ते सहा वर्षांच्या मुलांना निवडणं, सोलणं, भिजवणं, पिळणं ही कामं द्या. सात-आठ वर्षांपासून कुटणं, थापणं, विणणं जमतं. गॅसजवळ दहाच्या पुढचं मूल, तेही तुम्ही शेजारी उभे असताना. विळीचं नावच काढू नका.

आणि ही गोष्ट अगदी गंभीरपणे: पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. कुटलेले चालतात. शेजारची मुलं येणार असतील तर त्यांच्या आईला आधी विचारून घ्या, काही मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते.

शेंगाची चटणी

पहिलं काम हेच घ्या. बिघडायला फार वाव नाही आणि दमल्यासारखं छान वाटतं.

पाव किलो शेंगदाणे, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, एक चमचा जिरे, दोन चमचे लाल तिखट, एक चमचा मीठ. लहान मुलं खाणार असतील तर तिखटातलं निम्मं ब्याडगीचं घ्या, रंग येतो आणि झणका कमी राहतो. तेल वरून घालायचं नाही, ते दाण्यातूनच सुटायला हवं.

दाणे भाजण्याचं काम मोठ्याचं. जाड बुडाची कढई, मंद आच, बारा ते पंधरा मिनिटं, आणि हात थांबवायचा नाही. घाई करून आच वाढवली की सालं काळी पडतात आणि दाणा आत कच्चाच राहतो. अशी चटणी दोन दिवसांत उग्र लागायला लागते. दाणे तडतडायला लागले की एक बाहेर काढून निववा आणि बोटांत चोळा. साल सहज सुटली, दाण्याच्या दोन पाकळ्या झाल्या आणि आत फिकट बदामी रंग दिसला की उतरवा.

इथून पुढं मुलं. कोमट झालेले दाणे जुन्या टॉवेलात बांधून गाठोडं करा आणि त्यांना ते फरशीवर दोन्ही हातांनी रगडू द्या. सालं सुटली की सुपात घेऊन गॅलरीत पाखडायचं. पाखडणं पहिल्या दिवशी येत नाही. निम्मे दाणे खाली पडतात, निम्मी सालं उडून शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात. ज्यांच्याकडं सूप नाही त्यांनी ताटात घेऊन फुंकर मारावी. सगळी सालं गेलीच पाहिजेत असंही नाही, थोडी राहिली तर चटणीला रंग चांगला येतो.

खलबत्त्याखाली चौपदरी घडी केलेली जुनी चादर घाला. फरशी वाचते आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येत नाहीत. आधी लसूण, जिरे आणि मीठ कुटून घ्यायचं, मग दाणे मूठमूठभर टाकत जायचं. खल निम्म्याच्या वर भरला की दाणे बाहेर उड्या मारतात. मुलांना एवढंच सांगा: बत्ता सरळ उचलायचा आणि त्याच्या वजनानं खाली पडू द्यायचा, जोर लावायचा नाही. दुसरा हात मांडीवर. बोट चेपायचं असेल तर ते याच वेळी चेपतं.

आता कान द्या. सुरुवातीला खणखण, ठकठक असा कोरडा आवाज येतो. चार-पाच मिनिटांनी तो जड होतो, बत्ता दाण्यात रुतायला लागतो, कडेला ओलसर चमक येते. चिमूट घेऊन दाबली आणि ती तशीच गोळ्यासारखी राहिली की तेल सुटलं. इथं तिखट घालायचं. आधी चमच्यानं ढवळून घ्या आणि मगच वरून हलके ठोके द्या, नाहीतर पहिल्याच ठोक्याला तिखट डोळ्यांत जातं. आमच्याकडं गेलं होतं. त्या दिवशी चटणी सासूबाईंनी पुरी केली.

मिक्सरमध्ये हे का होत नाही असं थोरलीनं विचारलं होतं. मिक्सरचं पातं कापतं, बत्ता चिरडतो. कापलेल्या दाण्याचा एक तर भुगा होतो, नाहीतर जास्त फिरवलं की चिकट लगदा. चिरडलेल्या दाण्यात मात्र काही कण भरड, काही पीठ, आणि सगळ्याला तेलाचा हात लागलेला. खलबत्ता नसेलच तर मिक्सर दोन-दोन सेकंद फिरवून थांबवा, दर वेळी चमच्यानं खालवर करा. बरी होते.

पूर्ण निवल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत भरा. तीन आठवडे सहज टिकते, अट एकच, ओला चमचा घालायचा नाही. बरणीवर तारीख आणि 'कुटणार' म्हणून मुलाचं नाव लिहा. आमच्याकडं त्या चिठ्ठीवरून भांडणं झाली आहेत.

दाणे विकत आणण्याऐवजी शेंगा आणल्या तर फोडायचं काम जास्तीचं मिळतं आणि टरफलंही. टरफलाचा गोल अर्धा तुकडा करंगळीवर टोपीसारखा बसतो. पेनानं डोळे-मिशा काढल्या की पाच बोटांचं कुटुंब तयार होतं. अख्ख्या शेंगेचं टोक हलकं दाबून तोंड उघडायचं आणि कानाच्या पाळीला लावायचं, झालं डूल. हे आपण सगळ्यांनी लहानपणी केलेलं आहे, शिकवायची गरज नाही.

सुशीला

नाव ऐकून बाहेरगावचे पाहुणे हसतात. सोलापुरात नाश्त्याला सुशीला होते, आणि ती चुरमुऱ्यांची असते. चार माणसांना आठ वाट्या चुरमुरे घ्या.

मुलांचं काम भिजवण्याचं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात चुरमुरे टाकायचे, हातानं खाली दाबायचे आणि मनात वीस अंक मोजायचे. वीस झाले की मूठमूठ बाहेर काढून दोन्ही तळव्यांत हलकं पिळून चाळणीत टाकायचे. जास्त वेळ राहिले तर लगदा, पिळताना जोर लावला तर गोळे. आमची पहिली सुशीला चमच्यानं नव्हे, उलथन्यानं कापून वाढावी लागली होती.

फोडणी तुम्ही करा. तेलात मोहरी, जिरे, कढीपत्ता, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर शेंगदाणे, मग एक मोठा कांदा आणि हळद. कांदा मऊ झाला की चुरमुरे, मीठ, चिमूटभर साखर. वरून दोन चमचे डाळ्याचं पीठ भुरभुरलं की जास्तीचा ओलावा ते ओढून घेतं. झाकण ठेवून दोन मिनिटं. लिंबू पिळायचं आणि कोथिंबीर पसरायचं काम पुन्हा मुलांकडं द्या, तेवढ्यावर 'मी केली' म्हणता येतं.

पुरीएवढी भाकरी

सोलापूर जिल्हा म्हणजे ज्वारीचं कोठार. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि रब्बीत वर्षानुवर्षं पेरलं जाणारं मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रातलं. हे मुलांना सांगा. शाळेच्या पुस्तकातला 'रब्बी हंगाम' मग परातीत दिसायला लागतो.

नवशिक्यांची भाकरी फसते ती हातामुळं कमी आणि पिठामुळं जास्त. पीठ शिळं झालं की त्यातली विरी, म्हणजे पीठ धरून ठेवणारा गुण, जाते, मग कितीही मळा, कडा फुटतातच. गिरणीतून आणलेलं दहा-बारा दिवसांच्या आतलं पीठ घ्या. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पाणी उकळतं हवं. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच गोळा बांधून ठेवतो.

एक वाटी पिठाला साधारण पाऊण वाटी उकळतं पाणी. ओतायचं आणि उलथन्यानं कालवायचं काम तुमचं. हाताला सोसवेल इतकं निवलं की परात मुलापुढं ठेवा. बोटांनी नाही, तळव्याच्या टाचेनं पुढं रेटत मळायचं, पाच मिनिटं. लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा, खाली कोरडं पीठ, आणि बोटांच्या पेरांनी थापत-थापत फिरवायचं. परातीत भाकरी स्वतःभोवती फिरायला हवी. फिरत नसेल तर खालचं पीठ संपलंय. कड फुटली तर ओल्या बोटानं चिमटून जोडायची.

मोठी भाकरी मुलांकडून करून घेऊ नका, उचलतानाच मोडते आणि सगळी हौस तिथंच संपते. पुरीएवढी करायची. तापलेल्या तव्यावर तुम्ही टाका, पिठाची बाजू वर, आणि वरून पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकत आलं की उलटा, दुसरी बाजू नीट भाजू द्या, मग जाळावर धरा. फुगली तर आरडाओरडा होतो, नाही फुगली तरी खाल्ली जाते. धाकट्याची पहिली भाकरी अक्कलकोट तालुक्याच्या नकाशासारखी होती, पण टम्म फुगली.

कडक भाकरी करून बघायची असेल तर थापताना शक्य तितकी पातळ करा. भाजून झाल्यावर आच अगदी बारीक करून तव्यावरच आठ-दहा मिनिटं कापडानं दाबत ठेवा, मग भिंतीला टेकवून उभी वाळवा. बाजारातल्यासारखी होत नाही, ते हात वेगळे. पण चटणी आणि दह्याबरोबर मोडून खायला पुरते.

धाटाची बैलगाडी

या लेखातलं माझं सर्वांत आवडतं काम हे, आणि पैसे जवळजवळ लागतच नाहीत. ज्वारी काढून झाली की मार्च-एप्रिलमध्ये वाळलेला कडबा, म्हणजे कणसं काढलेली धाटं, सगळीकडं असतो. गावाकडून येणाऱ्या कुणालाही सांगा, पिशवीत मावतील एवढी धाटं मोडून आणा म्हणावं. एक पेंडी आणली तर वाड्यातल्या सगळ्या पोरांना पुरते.

धाट बोटाएवढं जाड निवडा. दोन गाठींमधलं सरळ कांडं तेवढं घ्यायचं, गाठी टाकून द्यायच्या. कांड्याच्या एका टोकाला नख घालून वरची साल उभी ओढली की लांब, चिवट, पिवळी पट्टी निघते. आत पांढरा, हलका, स्पंजासारखा गर राहतो. साल म्हणजे खिळे, गर म्हणजे लाकूड. एवढं कळलं की बाकी सुतारकाम आहे.

सालीच्या कडा पात्यासारख्या असतात. ओढताना पट्टी चिमटीत धरायची, बोटावरून सरकू द्यायची नाही. सातच्या आतल्या मुलांसाठी साल तुम्हीच काढून द्या. कात्रीनं बारीक खिळे कापून वाटीत ठेवले की भांडण होत नाही.

गाडी अशी जोडायची. गराची एक वीतभर लांब दोन कांडी समांतर ठेवा, मध्ये दोन बोटांचं अंतर. सालीचे चार-पाच खिळे एका कांडीतून आरपार घालून दुसऱ्या कांडीत रुतवा, शिडीसारखं दिसेल, तो झाला सांगाडा. जाड कांड्याचे दोन गोल काप म्हणजे चाकं. काप करताना सुरी करवतीसारखी हलकी चालवायची, दाबली तर गर चेपतो आणि चाक अंड्याच्या आकाराचं होतं. सालीची एक लांब काडी आस म्हणून सांगाड्याखालून घालायची, दोन्ही टोकांना चाकं, आणि चाक निसटू नये म्हणून टोकावर गराचा बारीक तुकडा टोचायचा. चाक फिरायला हवं असेल तर त्याचं भोक आसापेक्षा थोडं सैल करा. पुढं आडवं जू. बैल म्हणजे गराचं बोटभर कांडं, खाली चार खिळे पाय, पुढं दोन खिळे शिंगं. शिंगं वळवायची असतील तर साल अर्धा तास पाण्यात भिजवून घ्या, कोरडी साल वाकवली की तुटते.

भिजवलेल्या सालीचा चष्माही होतो. दोन पट्ट्या गोल वळवून चारही टोकं गराच्या एका चौकोनी तुकड्यात खुपसायची, तो नाकावर येतो. बाहेरच्या बाजूला गराचे दोन तुकडे, त्यांत लांब काड्या. आमच्या गल्लीत एक दुपार सगळी पोरं चष्मा लावून 'कोण बे तू?' करत फिरत होती.

जानेवारीत हीच धाटं हिरवट मिळतात. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या मानाच्या सात नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक पाहून आलेली मुलं घरी आल्यावर काठीच मागतात. उंच धाटाला रंगीत कागद गुंडाळा, वर झिरमिळ्या आणि दोन घुंगरू बांधा. तेवढ्यावर आठवडा जातो.

डाळिंब: दाणे पोटात, साल रंगात

सोलापूरच्या डाळिंबालाही मानांकन आहे, आणि डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्याच शहरात आहे. तरी घरी डाळिंब सोलायचा सगळ्यांना कंटाळा. युक्ती अशी: वरची साल तुम्ही सुरीनं चार ठिकाणी उभी चिरून द्या, आणि फळ मुलांना मोठ्या भांड्यातल्या पाण्यात बुडवून फोडायला सांगा. दाणे तळाला जातात, पांढरे पापुद्रे वर तरंगतात, आणि कपड्यांवर एक डाग पडत नाही.

दाणे दहीभातात. एक वाटी तांदळाचा मऊ भात गरम असतानाच पळीनं घोटायचा, कोमट झाला की अर्धी वाटी दूध, एक वाटी दही, मीठ, किसलेलं थोडं आलं. मोहरी-कढीपत्त्याची फोडणी निववून वर घालायची आणि अगदी शेवटी दाणे. आधी घातले तर भात गुलाबी होतो. मुलांना तो गुलाबीच आवडतो, त्यामुळं हा नियम आमच्याकडं कुणी पाळत नाही.

साली फेकू नका. चार-पाच डाळिंबांच्या साली तुकडे करून दीड लिटर पाण्यात पाऊण तास मंद उकळा, मग गाळा. लोखंडी कढई वापरू नका, स्टीलचं जुनं पातेलं घ्या आणि ते पुन्हा स्वयंपाकाला आणू नका. पांढरं सुती दोरं आधी साबणानं धुऊन घ्यायचं, नंतर एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा तुरटीची पूड विरघळवून त्यात तासभर ठेवायचं. तुरटीनं रंग नीट धरतो. मग दोरं कोमट रंगात अर्धा-पाऊण तास बुडवा. मोहरीच्या फुलासारखा पिवळा येतो. पॉलिस्टरच्या दोऱ्याला काही होत नाही, उगीच खटपट करू नका.

आता गंमत. दोन-तीन गंजके खिळे एका वाटीत थोडं पाणी आणि दोन चमचे व्हिनेगर घालून दोन दिवस आधीच ठेवून द्यायचे. हे पाणी तुम्हीच हाताळा, आणि वाटी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. त्यातलं चमचाभर पाणी थोड्या कोमट पाण्यात घालून पिवळ्या दोऱ्यातली निम्मी लड त्यात सोडा. मुलांच्या डोळ्यांदेखत पिवळं हिरवट करडं होतं, जास्त ठेवलं तर काळपट. सालीतलं टॅनिन आणि लोह एकत्र आलं की असं होतं. जादूचे प्रयोग यापुढं फिके.

पुठ्ठ्याचा माग

रंगवलेल्या दोऱ्याचं काय करायचं, हे सोलापुरात विचारायची गरज नाही. १८७७ साली इथं पहिली कापड गिरणी उभी राहिली. त्या जुन्या गिरणीचा भोंगा आता नाही, पण शहराच्या पूर्व भागातून जाताना यंत्रमागांची खडखड अजून कानावर येते. मुलांना आपली चादर माहीत असते, ती कशी होते ते माहीत नसतं.

जाड पुठ्ठा घ्या, १५ सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर लांब. वरच्या आणि खालच्या कडेला एक-एक सेंटिमीटरवर अर्धा सेंटिमीटर खोल खाचा पाडा, प्रत्येकी १३. विषम संख्याच हवी, दोन्ही कडांना वीण सारखी येते. पांढरा दोरा पहिल्या खाचेतून खाली, मागून वळवून दुसऱ्या खाचेतून पुन्हा खाली, असा शेवटपर्यंत ताणून घ्या. हा ताणा. टोक मागं चिकटपट्टीनं लावा. दोऱ्यावर बोट फिरवल्यावर तो सैल लोंबता कामा नये, पण पुठ्ठा वाकेल इतकाही ओढू नका.

आडवा भरायचा तो बाणा. आइस्क्रीमच्या चपट्या काडीला एका टोकाला भोक पाडून त्यात पिवळा दोरा दुहेरी ओवा, हा आपला धोटा. एका दोऱ्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून, असं पलीकडं जायचं. परत येताना उलटं: मघाशी वरून गेलो तिथं आता खालून. दोन-तीन ओळी झाल्या की जुन्या फणीनं खाली ठोकायच्या. पहिल्या दहा ओळींना मुलांची चिडचिड होते, एखादा दोरा चुकतो, उसवावं लागतं. अकराव्या ओळीपासून हात आपोआप चालायला लागतो. पिवळा संपला की करडा घ्या. दोरा कमी पडला तर जुन्या सुती परकराच्या बोटभर रुंद चिंध्या फाडून भरा, काम झपाट्यानं पुढं सरकतं.

सगळ्यांचं एकच चुकतं. बाणा ओढला जातो आणि विणकामाला मध्ये कंबर पडते, वर-खाली रुंद, मध्ये अरुंद. आमच्या शेजारचे तेलुगू ताता, म्हणजे आजोबा, आयुष्यभर मागावर होते. थोरलीचा पुठ्ठा हातात घेऊन त्यांनी दोन मिनिटं पाहिलं, तेवढ्यात धाकटा ताईला म्हणाला, "ओढू नको बे, तुटलं की." ताता हसले. त्यांनी दोरा सरळ न ओढता डोंगरासारखी कमान करून टाकला आणि मग फणीनं ती कमान खाली ठोकली. दोरा आपसूक पसरला, कड जागेवर राहिली. दर ओळीला ही कमान हवी.

वर आणि खाली दोन-दोन बोटं ताणा मोकळा राहिला की थांबा. मागचे दोरे मधोमध कापून पुठ्ठा काढा आणि शेजारचे दोन-दोन दोरे गाठ मारून बांधा. १३ असल्यामुळं शेवटी तीन उरतात, ते एकत्र बांधायचे. तळहाताहून थोडा मोठा रुमाल होतो, गरम पातेल्याखाली किंवा चटणीच्या बरणीखाली ठेवायला.

हा रुमाल सावलीत वाळवा, उन्हानं पिवळा रंग उतरतो. आणि धुवायचा तर एकटाच धुवा, पहिल्या दोन-तीन धुण्यांत रंग सुटतो. आमच्याकडं तो चुकून आजोबांच्या बंड्यांबरोबर बादलीत गेला. तीन बंड्या फिकट पिवळ्या झाल्या आणि ते त्या अजून घालतात.